एकाच घरातल्या तीन परीक्षा

पत्राचा गोषवारा: मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या ३१ वर्षांच्या स्टाफ नर्सचं हे पत्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.एस्सी. नर्सिंग, सात वर्षांचा अनुभव. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं आहे. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा आयेल्ट्स अ‍ॅकॅडमिक दोनदा दिली आणि दोन्ही वेळा ‘नापास’ झाले, असं त्या लिहितात. अकरा महिन्यांपूर्वी लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. त्यानंतर चार महिन्यांनी लिसनिंग ७, रीडिंग ६.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५. क्लासवाले म्हणतात त्याऐवजी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा द्या, मशीन तपासतं, सोपी जाते. वॉर्डातली केरळची सहकारी म्हणते ओईटी ही तिसरीच परीक्षा दे. यजमान मेकॅनिकल इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. त्यांना कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) हवा आहे आणि ‘घरात पुस्तकं आहेतच’ म्हणून तेही अ‍ॅकॅडमिकचाच अभ्यास करतात. धाकटा दीर कॅनडात दोन वर्षांच्या डिप्लोमाला निघालाय. त्याने घरात बसून तासाभरात ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा दिली आणि मोकळा झाला. ‘पैसे आणि धीर, दोन्ही संपत आलेत. तिघांसाठी सोपी परीक्षा कोणती ते एकदाचं सांगा. आणि माझं मराठी माध्यम आड येतंय का?’ ताजा कलम: पासपोर्ट सासरच्या नावाने, डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने. चालेल ना?

ताई,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. दोन्ही निकालपत्रं फाइलमधून काढा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आता प्रत्येक विषयात दोन्हींतला मोठा आकडा घ्या. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५.

इंग्लंडची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे तिकडची एनएमसी (आपल्याकडची डॉक्टरांची एनएमसी वेगळी), नर्सकडून एवढंच मागते: ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत ७ आणि लिहिण्यात ६.५. आणि हे सगळं एकाच दिवशी मिळवायला हवं, असं ती म्हणत नाही. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात. अट अशी की दोन्ही वेळा चारही विषय दिलेले असावेत आणि कुठल्याही विषयात लागणाऱ्या गुणांपेक्षा अर्ध्या बँडहून (आयेल्ट्सच्या गुणाला बँड म्हणतात) जास्त खाली गेलेलं नसावं. तुमचं पहिल्या वेळचं रायटिंग ६, म्हणजे अर्धाच बँड खाली. दुसऱ्या वेळचं रीडिंग ६.५, तेही अर्धाच. मधलं अंतर चार महिने.

म्हणजे मला दिसतंय त्याप्रमाणे तुमचं इंग्रजीचं काम सात महिन्यांपूर्वीच झालंय. तुम्ही तिसऱ्या परीक्षेचे पैसे जमवताय, आणि उत्तर फाइलमध्ये पडून आहे.

माझ्या शब्दावर विसंबून मात्र राहू नका. एनएमसीच्या संकेतस्थळावर इंग्रजी भाषेच्या अटींचं पान आहे, ते स्वतः वाचा आणि आपले आठ आकडे त्या अटींशी ताडून पाहा. निकाल दोन वर्षं धरला जातो. पहिल्या परीक्षेला अकरा महिने झालेत, तेव्हा तुमच्या हातात तेरा आहेत. पुरेसे आहेत, पण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणण्याइतके नाहीत.

हे तुम्हाला कुणी सांगितलं कसं नाही, याचा मला राग आला. मग वाटलं, क्लासवाल्यांची माहितीच जुनी असेल. २०१८च्या अखेरीपर्यंत रायटिंगलाही ७ लागायचे, आणि दोन परीक्षांमधलं अंतर बारा महिने चालेल हे ठरलं २०२३ साली, त्याआधी सहाच चालायचे. भिंतीवरचा तक्ता जुना राहिला की पोरी पुन्हा पुन्हा फी भरतात. (क्लासचं त्यात नुकसान काहीच नाही, हे मी बोलायला नको.)

तुमच्या पत्रात ‘नापास’ हा शब्द चार वेळा आलाय. आयेल्ट्समध्ये पास-नापास असं काही नसतंच. शून्य ते नऊ अशी पट्टी आहे आणि त्यावर तुम्ही कुठे उभ्या आहात एवढंच ती सांगते. तेवढी उंची पुरेशी आहे की नाही, हे ठरवतं ते निकालपत्र ज्याच्या टेबलावर जाणार तो. म्हणून ‘सोपी कोणती’च्या आधी विचारायचं, ‘कागद कुणाकडे जाणार?’ आपण हे उलट्या क्रमाने करतो. आधी क्लास लावतो, मग परीक्षा देतो आणि शेवटी ती चालते का ते बघतो.

पीटीईचंच घ्या. ती वाईट परीक्षा अजिबात नाही. दोन तासांत संपते, निकाल बहुतेकदा दोन दिवसांत येतो. पण एनएमसी नर्सकडून आयेल्ट्स अ‍ॅकॅडमिक किंवा ओईटी घेते, पीटीई घेत नाही. ९० पैकी ९० आणले असते तरी तिथे त्याचा उपयोग नव्हता.

आणि ‘मशीन तपासतं म्हणून सोपी’ हेही अर्धंच खरं. मी दोन विद्यार्थिनींना तयारी करताना जवळून पाहिलंय. कानाला हेडफोन, समोर पडदा, त्याच खोलीत आणखी दहाजण आपापल्या माइकमध्ये एकाच वेळी बोलतायत. एक आलेख येतो, पंचवीस सेकंद बघायला मिळतात, मग बोलायचं. आपली मराठी माणसाची सवय अशी की आधी ‘म्हणजे…’ म्हणून थांबायचं, वाक्य मनात जुळवायचं, मग बोलायचं. तिथे तीन सेकंद गप्प बसलात की रेकॉर्डिंग बंद. समोर परीक्षक असता तर तुमचा चेहरा बघून थांबला असता. ज्यांना माणसासमोर घाम फुटतो आणि जे न अडखळता सलग बोलतात, त्यांनी पीटीई जरूर द्यावी. तुम्हाला दोन्ही वेळा माणसासमोर ७ मिळालेत. तुम्ही कशाला मशीनकडे जाता?

ओईटीबद्दल मात्र तुमची सहकारी बरोबर बोलली. तुम्हाला आता ती लागेल असं वाटत नाही, पण हे सदर इतर नर्सही वाचतात, म्हणून थोडं सविस्तर. ही परीक्षा आरोग्य क्षेत्रातल्या बारा व्यवसायांसाठीच आहे आणि नर्सिंगचा पेपर वेगळा असतो. रायटिंगला एका रुग्णाच्या केस नोट्स देतात: वय, निदान, शस्त्रक्रिया कधी झाली, कोणती औषधं चालू, घरी कोण आहे. पाच मिनिटं वाचायची, चाळीस मिनिटांत पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. समजा रुग्ण घरी चाललाय आणि पुढची देखभाल करणाऱ्या नर्सला कळवायचंय. खरी परीक्षा लिहिण्याची नसतेच, काय गाळायचं याची असते. दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्या नर्सला सांगायचं की नाही? जखमेचं ड्रेसिंग कधी बदलायचं, हे पहिल्या परिच्छेदात यायला नको का? हे तुम्ही रोज रात्री आठला हँडओव्हर देताना करता. स्पीकिंगमध्ये समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो, तुम्ही नर्स. इंजेक्शनला घाबरणाऱ्या आजोबांना समजवायचं. एनएमसीला ओईटीत तीन विषयांना ‘बी’ आणि रायटिंगला ‘सी प्लस’ लागतो.

तिची फी आयेल्ट्सच्या दीडपटीहून जास्त बसते, ही अडचण आहे. पण ज्या नर्सचं आयेल्ट्सचं रायटिंग तीन-तीनदा साडेपाच-सहावर अडकतंय, तिने चौथ्यांदा ‘शहरांत खासगी गाड्यांवर बंदी घालावी का’ यावर निबंध लिहिण्यापेक्षा ते पैसे ओईटीत घालावेत, असं माझं मत आहे. उलट ज्यांना नर्सिंग सोडून दुसऱ्या वाटेनेही जायचं असेल, त्यांनी लक्षात ठेवावं की ओईटीचा कागद मोजक्याच दारांवर चालतो.

आता मराठी माध्यम. तुमचं स्पीकिंग दोन्ही वेळा ७, लिसनिंग ७.५ आणि ७. दहावीच्या माध्यमाचं ओझं असतं तर ते आधी इथे दिसलं असतं. तुम्ही इंग्रजीत लिहिलेला नमुना परिच्छेदही पाठवलात, तो वाचला. सुरुवातच ‘इन टुडेज मॉडर्न एरा’ अशी. हे वाक्य तुमचं नाही, क्लासचं आहे. परीक्षक ते दिवसातून किती वेळा वाचत असेल कोण जाणे, आणि पाठ केलेल्या वाक्याला गुण मिळत नाहीत. त्याच परिच्छेदात खाली तुम्ही लिहिलंय की रात्रपाळीला एका नर्सवर सहा रुग्ण असले तर अलार्म कुणाचा वाजला ते कळेपर्यंत मिनिट जातं. साधं, खणखणीत इंग्रजी आणि व्याकरणाची चूक एकही नाही. ज्या वाक्यात तुम्ही स्वतः बोलता तिथे तुमचं लिखाण साडेसहाच्या वर जातं. ज्या वाक्यात क्लास बोलतो तिथे खाली येतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचीही हीच गत होते.

इंग्रजी झालं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. एनएमसीची नर्सिंगची संगणकावरची परीक्षा इथे देता येते, प्रात्यक्षिक तिकडे जाऊन. एक बरं आहे, की नोंदणी संस्थेने मान्य केलेली इंग्रजीची परीक्षा झालेली असली तर व्हिसासाठी नर्सला पुन्हा वेगळी द्यावी लागत नाही. पण तिकडची भरती चार वर्षांपूर्वीसारखी सढळ राहिलेली नाही, हे डोळ्यांसमोर असू द्या. आणि ‘स्पॉन्सरशिपचं पत्र देतो, इतके लाख ठेवा’ म्हणणारा कुणी भेटला, तर तिथूनच मागे फिरा. ते पत्र विकायची वस्तू नाही.

आता तुमच्या यजमानांकडे येऊ. त्यांना म्हणावं, आज रात्रीच ती पुस्तकं मिटा. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीला (गुण मोजून पीआरसाठी निवड करण्याच्या पद्धतीला) आयेल्ट्स अ‍ॅकॅडमिक चालत नाही. तिथे इंग्रजीच्या तीनच परीक्षा चालतात: आयेल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर. ही शेवटची २०२४पासून मान्य झाली. पीटीई अ‍ॅकॅडमिक ती नव्हे. नावं भावाभावांसारखी असल्याने ऑनलाइन बुकिंग करताना लोक चुकीच्या भावाला पैसे देऊन बसतात. जनरलचं लिसनिंग आणि स्पीकिंग अ‍ॅकॅडमिकसारखंच असतं, तेव्हा तेवढा अभ्यास वाया गेला नाही. वाचायला रोजच्या व्यवहारातले उतारे येतात आणि आलेखाऐवजी पत्र लिहावं लागतं.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती ‘ओव्हरऑल’ची. कॅनडा सरासरीकडे बघतच नाही. प्रत्येक विषयाचं सीएलबी या त्यांच्या पट्टीत रूपांतर करतात. सीएलबी ९ साठी जनरलमध्ये रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग प्रत्येकी ७ आणि लिसनिंग ८ लागतं. हो, लिसनिंगला आठ. समजा त्यांना लिसनिंगला ७.५ आणि बाकी सगळीकडे ७ मिळाले. घरात पेढे वाटाल, पण लिसनिंग सीएलबी ८ वरच राहिलं. आता चारही विषय ८ वर असणं आणि चारही ९ वर असणं यातला फरक बघा. जोडीदारासह अर्ज, एक पदवी, परदेशातला तीन वर्षांहून जास्त अनुभव (म्हणजे त्यांच्या दृष्टीने कुपवाडचा) असं धरलं, तर भाषेचे प्रत्येक विषयाला २२ऐवजी २९ होतात, म्हणजे २८ जादा. शिवाय पदवी आणि अनुभव यांना भाषेची जोड मिळून येणारे ३७ जादा. एकूण ६५. आणि ते ३७ मिळायला चारही विषय ९ वर लागतात, एकट्या लिसनिंगचा अर्धा बँड ते अडवून धरतो. सेल्पिपमध्ये हा रूपांतराचा घोळ नाही. तिची पातळी म्हणजेच सीएलबी, आणि सगळी परीक्षा संगणकावर. कानाला कॅनडाचे उच्चार पेलत असतील तर ती बघायला हरकत नाही. आधी दोन्हींचे नमुना पेपर वेळ लावून सोडवायला सांगा. रविवारच्या एका दुपारचं काम आहे, आणि फी भरण्याआधी ते करावंच.

पण खरं सांगू? तुमच्या पत्रात मला परीक्षेपेक्षा हेच जास्त खटकलं, की तुम्ही इंग्लंडची तयारी करताय आणि ते कॅनडाची. दोघंही एकमेकांच्या शेजारी बसून, एकाच दिव्याखाली. दोन संसार करायचे आहेत का? तुम्ही गृहीत धरलंय की कॅनडाचा मुख्य अर्ज त्यांचा असणार, कारण ते इंजिनिअर आणि कर्ते. कॅनडा २०२३पासून आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी एक्सप्रेस एन्ट्रीत वेगळ्या निवडफेऱ्या काढतो आणि त्यात नोंदणीकृत नर्स आहेत. कदाचित त्या घरातला मुख्य अर्ज तुमचाच भक्कम ठरेल आणि ते जोडीदार म्हणून येतील. जोडीदाराच्या इंग्रजीलाही वीसपर्यंत गुण असतात. तसं ठरलं तर तुमचं अ‍ॅकॅडमिकचं निकालपत्र तिथे चालणार नाही, तुम्हालाही त्या तीन परीक्षांपैकी एक द्यावी लागेल. आणि तिकडे प्रत्यक्ष नर्स म्हणून काम करायला त्या त्या प्रांताची नोंदणी वेगळी, तिच्या इंग्रजीच्या अटी आणखी वेगळ्या. म्हणून आधी दोघांनी एकदा जेवण झाल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून, देश ठरवा. सासूबाईंनाही बसवा हवं तर, त्यांचं मत तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं निघेल.

दिराचा हेवा करू नका. ड्युओलिंगो देऊन त्याने चूक केलेली नाही. त्याच्या कॉलेजला ती चालत असेल तर प्रवेशापुरती ती पुरते. पण तो मोकळा झाला, हे खरं नाही. १ नोव्हेंबर २०२४पासून कॅनडात शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटसाठी भाषेचा पुरावा लागतो: कॉलेजवाल्यांना सीएलबी ५, विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांना ७. आणि तिथे ड्युओलिंगो चालत नाही. वर सांगितलेल्या तीन परीक्षांपैकीच एक, तीही दोन वर्षांच्या आतली. त्यामुळे आत्ता घाईने जनरल देऊन ठेवण्यातही अर्थ नाही, डिप्लोमा संपेपर्यंत ती शिळी होईल. शेवटच्या सत्रात द्यावी. त्याहून मोठी गोष्ट अशी की कॉलेजच्या डिप्लोमाचा विषय सरकारच्या यादीत असेल तरच तो वर्क परमिट मिळतो. हे त्याच्या एजंटने सांगितलंय का, आजच विचारा. फी भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

इतर वाचकांची पत्रंही याच धर्तीची आहेत, त्यांना थोडक्यात. अमेरिकेत शिकायला जायचं तर व्हिसाला परीक्षा लागत नाही, विद्यापीठ मागेल ती द्यायची. फक्त टोफेल ही इंग्रजीची परीक्षा जानेवारी २०२६पासून बदलली आहे. गुण आता एक ते सहाच्या पट्टीत येतात, तेव्हा ‘१०० हवेत’ असं जुन्या पानावर वाचून घाबरू नका. इंग्लंडमध्ये पदवीला जाताना विद्यापीठ स्वतः ठरवू शकतं, पण नोकरीच्या व्हिसाला आयेल्ट्स द्यायची असेल तर ‘यूकेव्हीआय’ (तिकडच्या व्हिसा खात्याचं नाव) लिहिलेलीच आवृत्ती, मान्यताप्राप्त केंद्रावर. प्रश्नपत्रिका तशीच असते, पण साधी आयेल्ट्स दिलेल्याला तिथे परत पाठवतात. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी आयेल्ट्समध्ये मार्च २०२४पासून ५.५ऐवजी ६ लागतात, आणि घरी बसून दिलेली परीक्षा तिथे चालत नाही. एकाच विषयात अडकलेल्यांना आयेल्ट्स तो एकच विषय साठ दिवसांत पुन्हा द्यायची सोय देते. सोय चांगली आहे, पण तो निकाल सगळेच घेत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी तुमच्या संस्थेला विचारा.

राहिला तुमचा ताजा कलम. आयेल्ट्स पासपोर्टच्या नावाने झाली, म्हणजे निकाल सासरच्या नावाने, आणि डिग्री व नोंदणी माहेरच्या. याने गाडं अडत नाही, पण ही एकच बाई आहे याचा पुरावा जोडावा लागतो. लग्नाचे फोटो आणि पत्रिका चालत नाहीत. तुमच्याकडे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी नाही असंच धरते. एक सुट्टी काढून दोघांनी महापालिकेच्या कार्यालयात जा. लग्नाची पत्रिका, दोघांची ओळखपत्रं आणि साक्षीदार घेऊन, आणि जाण्याआधी कागदांची यादी तिथूनच मागवून घ्या. अर्ज भरताना वडिलांचं, नवऱ्याचं नाव आणि आडनाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहा. एका ‘ए’ ऐवजी दोन झाले तर पुढे दुरुस्तीसाठी महिना जातो. प्रमाणपत्राची इंग्रजी प्रतही मागा, आणि एक प्रत त्या दोन निकालपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवा.